आधी पडदा, मग दिवा

दिवेलागणीला आपल्याकडे दिवा लावतात आणि दार उघडं ठेवतात, लक्ष्मी यायची असते म्हणून. डॉक्टरमावशींच्या घरी यायचं तर लक्ष्मीला चाचपडतच यावं लागलं असतं. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कमध्ये नोव्हेंबरात पाचलाच अंधारून येतं. मावशी हातातलं काम टाकून उठायच्या, घरातली एकूण एक खिडकी झाकायच्या, पडद्याच्या कडा चापूनचोपून बसवायच्या आणि मगच स्विचकडे हात न्यायच्या. "आधी पडदा, मग दिवा," त्या म्हणायच्या. हा नियम दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिशियनलासुद्धा होता. कधी मनाचं समाधान झालं नाही तर मला रस्त्यापलीकडे पिटाळायच्या. मी बर्फात उभा राहून फोनवर सांगायचो, "काही दिसत नाही, मावशी." मग त्या चहा टाकायच्या.

देवापुढेही दिवा नसे. देव होते, हळदकुंकू होतं, ताजी फुलं असायची. निरांजन मात्र घासूनपुसून कोरडं.

२०१५ साली मी नागपूरहून इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलो आणि मावशींच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिलो. मावशी तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या, रिटायर झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा समीर कॅलगरीला. तरुणपणी हे डॉक्टर जोडपं तेहरानच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होतं. तिकडे युद्ध पेटलं, शत्रूची विमानं शहरावर येऊ लागली, तरी काही वर्षं ते तिथेच राहिले. मग कॅनडा. "लोक घर घेताना किचन बघतात. मी आधी बेसमेंट बघितलं," मावशी मला घर दाखवताना म्हणाल्या. "भाडं वेळेवर दे, दारातला स्नो शोव्हल कर, आणि हा कोपरा माझा."

त्या कोपऱ्यात दोन खुर्च्या, एक दुलई, पाण्याच्या बाटल्या आणि साखरेच्या खड्यांचा डबा होता. मला वाटलं, अडगळ असेल. सप्टेंबरात लेकच्या काठी विमानांचा शो असतो. त्या शनिवारी एक जेट गर्जत आमच्या छपरावरून गेलं आणि दुसऱ्या मिनिटाला मावशी विणकाम घेऊन शांतपणे खाली उतरल्या, आपल्या खुर्चीत बसल्या. "काही नाही रे, एअर शो आहे, मला माहितीये," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम कर. जमलं तर चहा टाक." शो संपेपर्यंत अर्धा हातमोजा विणून झाला होता.

दुपारी मेथी निवडता निवडता त्या तेहरानबद्दल सांगायच्या, आणि खरं सांगतो, ते युद्ध वाटायचंच नाही. कुणी अर्धवट झोपेत बोलावं तसं बोलायच्या. "शहर काळोखात गेलं ना, की उत्तरेचे डोंगर दिसायचे. निळे, बर्फाचे. एरवी दिव्यांमुळे त्यांच्याकडे लक्षच जायचं नाही. आणि तारे, अरे, खेड्यात दिसतात तेवढे. हल्ल्याचा भोंगा झाला की सगळी बिल्डिंग जिन्याने खाली उतरायची. कुणाच्या हातात उशी, कुणाच्या हातात पक्ष्याचा पिंजरा. तळघरात आम्ही कुजबुजत बोलायचो, जसं काही विमानांना ऐकू जाणार होतं. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारलेल्या असायच्या. सकाळी ऊन आलं की गालिच्यावर फुल्या पडायच्या आणि त्यांच्यात आमचा समीर झोपलेला." एवढं झालं की थांबायच्या, आणि मग मेथी किती महाग झाली ते सांगायच्या.

लग्न होऊन रेणुका आली त्या दिवाळीत आम्ही दोघांनी बेसमेंटच्या चिंचोळ्या खिडकीत पाच पणत्या लावल्या. मावशी अनवाणी खाली आल्या. त्यांनी पाचही पणत्या चिमटीने विझवल्या. ऐन लक्ष्मीपूजनाला. रेणुकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाहून मावशी मटकन आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सांगितलं ते समीरलाही कधी सांगितलं नव्हतं.

समीरच्या जन्मानंतरची सहावी रात्र. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून दिवा रात्रभर तेवता ठेवायचा. मावशींनी पाट मांडला, कोरा कागद ठेवला, निरांजन लावलं. भोंगा झाला तेव्हा समोरच्या गच्चीवरून मेहरीखानम ओरडल्या, "डॉक्टर, दिवा!" मेहरीखानम म्हणजे समोर राहणारी शिवणकाम करणारी बाई. बाळंतपणात रोज सूप पाठवणारी. "मी दिवा विझवला नाही," मावशी म्हणाल्या. "सटवाईचा दिवा कसा विझवायचा? पडदा ओढला आणि बाळाला घेऊन खाली पळाले. पडद्याला फट राहिली होती. बॉम्ब पडला तो मेहरीच्या घरावर. काचा फुटल्या आमच्याही, पण दिवा नंतर तसाच जळत होता. मेहरी राहिली नाही."

"मावशी, एवढ्या उंचीवरून निरांजन दिसतं का कुणाला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली," मी म्हणालो.

"फांदी मेहरीवर तुटली रे," त्या म्हणाल्या. "आणि मला कळत नाही असं वाटतं का तुला? कळतं. पण वळत नाही." त्यांनी रेणुकाचा हात हातात घेतला, सॉरी म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यानंतर आम्ही इलेक्ट्रिकच्या माळाही लावल्या नाहीत.

यंग स्ट्रीटवर एका इराणी म्हाताऱ्याची बेकरी आहे. तिथे तापलेल्या खड्यांवर हातभर लांबीच्या रोट्या भाजतात. दर शनिवारी मी मावशींना गाडीतून न्यायचो. त्या फारसीत गप्पा मारायच्या, मी टॉवेलसारखी घडी घातलेली रोटी घेऊन उभा. २०१८च्या जानेवारीतल्या एका शनिवारी म्हाताराच बराच वेळ बोलला. गाडीत बसल्यावर मावशी बेल्ट लावायला विसरल्या.

"त्याची आई गेली," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत म्हणायची, आपल्या गल्लीत बॉम्ब पडला तो माझ्यामुळे. थोरला लढाईवर होता, त्याच्यासाठी ती खिडकीत मेणबत्ती ठेवायची. शेजारणीला वाटायचं आपल्यामुळे पडला, आपण जिन्यात सिगरेट पेटवली म्हणून. त्यांची गल्ली आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला."

दोन सिग्नल गेले. मग एकदम हसल्या. तशा हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अरे, एका बॉम्बला दिवे लागतात तरी किती?"

पुढच्याच वर्षी मावशी आजारपणात समीरकडे गेल्या आणि कॅलगरीतच वारल्या. घर विकलं गेलं, आम्हीही काँडोत आलो. पण जाण्याआधी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत एक गोष्ट केली, आणि मला त्या आठवतात ते त्या संध्याकाळच्याच.

त्याच २०१८च्या फेब्रुवारीत आम्हाला मुलगी झाली. दोन्हीकडच्या आईवडिलांचे व्हिसा अडकलेले. सहाव्या दिवशी आईने नागपूरहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "घरात मोठं बाईमाणूस कोण आहे रे? सटवाईची पूजा कोण करणार?" मी आणि रेणुकाने एकमेकांकडे पाहिलं. मावशींना विचारायची आमची छाती नव्हती.

उन्हं उतरताना जिन्यावरून हाक आली. "बाळाला घेऊन वर या." समोरच्या खोलीत खिडकीशी पाट मांडला होता. पाटावर कोरा कागद, बॉलपेन, आणि निरांजन. तूप घातलेलं.

"मी डॉक्टर आहे," मावशी म्हणाल्या. "सटवाई-बिटवाई मी मानत नाही. पण तिच्याशी वाद घालायची ही वेळ नव्हे."

मी सवयीने पडद्याकडे गेलो. "राहू दे," त्या म्हणाल्या. तिसऱ्या काडीला वात पेटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा, रस्त्यापलीकडे उभा राहा. फोन चालू ठेव."

बाहेर बारीक बर्फ पडत होता. शेजारच्या घरांत अजून दिवे लागायचे होते. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून वळलो. पडदा न ओढलेल्या खिडकीत एवढीशी ज्योत, आणि तिच्यामागे हात बांधून उभ्या मावशी.

"दिसतो का?" फोनमधून आवाज आला.

तीन वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर मला पाठ होतं.

"दिसतो, मावशी."

"नीट?"

"नीट. कोपऱ्यापर्यंत दिसत असेल."

खिडकीत त्या तशाच उभ्या होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिला लिहायला उजेड लागतो."