चारी दारं उघडी

गाडी वेशीवर थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि चारी दारं उघडायची. आतल्या माणसांनी बसूनच राहायचं. तो एकटा उतरायचा, चपला काढायचा आणि कुंपणाच्या भिंतीजवळच्या शेंदरी दगडापुढे उभा राहायचा.

"पावण्याला आधी दाखवाचा, मंग फिरवाचा," तो म्हणायचा.

आपण पाहुण्यांना गाव दाखवतो. तो गावाला पाहुणे दाखवायचा.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदाम कंपनीच्या कचेरीत व्यवस्था पाहत होते. भाताच्या खाचरांवर पत्र्याची लांबच लांब छपरं चढत होती. मुंबईचा माल आमच्याकडे मुक्कामाला येत होता आणि मालामागून माणसंही येत होती. कोणी रॅक बसवणारे, कोणी विम्याचे तपासनीस, कोणी परदेशी कंपन्यांचे साहेब. सकाळी गोदाम पाहून झालं की दुपारनंतर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडायचा. भिवंडीत बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं की कचेरीतले सगळे हसायचे. मी हसण्यात वेळ घालवला नाही. यादी केली. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं, टॉवेल सोबत ठेवणे. लोनाडची लेणी, पिण्याचं पाणी नेणे. यंत्रमागांची गल्ली, कानात कापूस. खारबावच्या बाजूची खाडी, भरती बघून. वऱ्हाळा तलाव, ऊन उतरल्यावर. यादी टाइप करून प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि कंपनीच्या पांढऱ्या गाडीत ठेवून दिली. गाडी तो चालवायचा.

तो वळचाच. बुटका, पन्नाशीपुढचा, खाकी शर्टाची बटणं थेट गळ्यापर्यंत लावणारा. आमचं मागचं गोदाम त्याच्याच शेतावर उभं होतं. जमीन गेल्यावर भावांनी इमारती बांधल्या, ट्रक घेतले. ह्याने आमच्याकडे नोकरी धरली.

"पयले बैल हाकीत होतो, आता सायब हाकतो," तो म्हणायचा. "बैलांना रस्ता म्हायत होता, एवढाच फरक."

पहिल्यांदा त्याने वेशीवर गाडी थांबवली तेव्हा विम्याच्या दोन साहेबांबरोबर मीही होते. घड्याळ माझ्या हातात होतं आणि कुंडांवरची गर्दी माझ्या डोक्यात.

"काय झालं? टायर?"

"टायर बरा हाय म्याडम. पावण्यांचा सांगाचा हाय."

दगड दोन गोदामांच्या मधल्या वळणावर होता. कुंपण बांधणाऱ्यांनी भिंत सरळ न आणता त्याला वळसा घातला होता, त्यामुळे तिथे खोलीच्या कोपऱ्यासारखी जागा झाली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी बोलावं तशा साध्या आवाजात तो दगडाला म्हणाला, "दोगं आलेत. विमानानं आलेत. सांजंला जातील." मग गप्प उभा राहिला. थोड्या वेळाने येऊन त्याने एकेक दार लावलं. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं, इतकं हळू. खटका बसल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

संध्याकाळी परतताना पुन्हा तेच. "दोगं आलते. जातात." दारं बंद, गाडी मुंबईच्या रस्त्याला.

त्या गप्प उभं राहण्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काय, ते मला पुढच्या काही फेऱ्यांत कळलं. आमच्या आवारात दिवसभर ट्रक मागे घेतात आणि मागे घेताना त्यांचा भोंगा वाजत राहतो. तो दगडापुढे उभा असताना ट्रक हलताना दिसायचे. भोंगा ऐकू यायचा नाही.

मी कामाची बाई आहे. वारा असेल, भिंतीचा आडोसा असेल, अशी कारणं मी मनात मांडली आणि यादीत वेशीवरच्या थांब्याला जागा करून दिली. गंमत म्हणजे, सहल कशी झाली असं विचारलं की पाहुणे कुंडांचं नाव घ्यायचे नाहीत, लेण्यांचंही नाही. सगळ्यांना तो दगड आवडलेला असायचा. एक बाई तर म्हणाल्या, इतक्या देशांत फिरले, पण मी आल्याची नोंद कोणी एवढ्या काळजीने घेतली नव्हती.

"सांगितलं नाही तर काय होतं?" मी एकदा त्याला विचारलं.

"काय व्हाचा? राखणदार हाय तो. आत कोण आला, भायेर कोण गेला, त्याला म्हायत पायजे. आलेला सांगितला आन् गेलेला न्हाय सांगितला, तं त्याच्या हिशोबी मानूस आतच. तो सोडत न्हाय."

"आणि माणूस तर निघून गेलेला असतो."

"जातो ना. अर्धा जातो."

हे तो हसत म्हणाला होता. म्हणून मीही हसले.

मग तैवानचे ते वयस्कर गृहस्थ आले. रॅकच्या मापांसाठी आलेले, अबोल, नम्र. सकाळी रीतसर त्यांचं सांगणं झालं. दुपारी लोनाडहून परतायच्या आधीच त्यांच्या कंपनीचा फोन आला, विमान बदललं होतं. कंपनीने पाठवलेली टॅक्सी लेण्यांजवळच आली आणि ते तिथून परस्पर विमानतळावर गेले. हा रिकामी गाडी घेऊन परत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"म्याडम, त्यांचा सांगाचा ऱ्हायला."

"आता सांगून टाक."

"मानूस नसला तं त्याच्या अंगावरचा कायतरी लागतो. त्याबिगर कसा सांगू?"

मी त्याला चहा घ्यायला सांगितलं आणि कामाला लागले.

दोन-तीन दिवसांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "मॅडम, वो ताइवान वाले बूढ़े साहब फिर आए हैं क्या? दोपहर में गोदाम के पीछे खड़े थे." मग चहावाला म्हणाला, एक साहेब चहा मागतो आणि वळून बघेपर्यंत नसतो. दोघांनीही टळटळीत दुपारची वेळ सांगितली. मापांबद्दल विचारायचं होतंच, म्हणून मी तैवानला फोन लावला. मापं सांगून झाल्यावर ते गृहस्थ जरा संकोचून म्हणाले, तुम्हाला एक विचारू का. मी घरी जेवायला बसलो की मला ट्रक मागे घेतल्याचा भोंगा ऐकू येतो. आमच्या गल्लीत तर ट्रक येतच नाहीत.

मी फोन ठेवला आणि त्याला बोलावून घेतलं. गाडी धुंडाळली तेव्हा मागच्या सीटखाली त्यांची उन्हाची टोपी सापडली. त्याने ती दोन्ही हातांत धरून दगडापुढे नेली, मग शेजारच्या सीटवर ठेवून खाडीच्या पुलापलीकडे जाऊन आला. त्यानंतर आवारात कोणाला कोणी दिसलं नाही. पुढच्या पत्रव्यवहारात त्या गृहस्थांनी शेवटी एक ओळ लिहिली होती: आता जेवण शांतपणे होतं, सर्वांना नमस्कार.

त्या दिवसापासून मी वेशीवर घड्याळ बघणं बंद केलं.

पुढे त्याच्या मुलाने कल्याणला फ्लॅट घेतला. लिफ्ट, चोवीस तास पाणी, आई-बापासाठी वेगळी खोली. गावातलं घर रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होतं. मुलगा चांगला होता, समजूतदार होता. ह्याला नाही म्हणायला जागाच नव्हती.

"जाईन कल्यानला," तो मला म्हणाला. आम्ही खाडीवर पाहुण्यांची वाट बघत उभे होतो. "पोराचा मन मोडाचा न्हाय. पन म्याडम, माजा सांगू नका."

"म्हणजे?"

"गेलो म्हनून सांगू नका. शेत हितं हाय माजा. वर गोदाम हाय तं काय झाला? खाली शेतच हाय."

"अरे, तूच म्हणतोस ना, अर्धा जातो माणूस? मग तिकडे काय राहील?"

"फ्लॅटला अर्धा पुरंल," तो म्हणाला.

नोकरी सोडून तो गेला आणि काही महिन्यांत मुलाचा फोन आला. मी भेटायला गेले. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. भरवलं तर खायचा, उठवलं तर उठायचा. डोळे उघडे, पण घरातले दिवे लावून सगळे बाहेर गेल्यासारखे. मी नाव घेऊन हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "म्याडम, मी हितं न्हाय."

त्याची बायको मला दारापर्यंत सोडायला आली. हातभर हिरव्या बांगड्या, बारीक चण. "बाय, दोन वेळचा घास मी भरवतं," ती म्हणाली, "पन कोनाला भरवतं, त्या मना कलत न्हाय. त्याचा सांगून टाका. तुमाला म्हायती हाय. मंग तो माज्याजवल येल."

तिचं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं. माझ्याकडे दोघांचंही मागणं होतं आणि ह्या कामाला यादी उपयोगाची नव्हती.

"तुम्हीच चला," मी म्हटलं. "सांगायचा हक्क तुमचा."

ती आली. मांडीवर त्याचा खाकी शर्ट घडी करून घेतलेला. कंपनीने नवा चालक ठेवला होता, उत्तरेकडचा, भला पोरगा, पण दारं अशी आपटायचा की काच हलायची. फाटकावर पहारेकरी म्हणाला, "अरे, चाचा भी आए हैं? अभी तो पीछे की तरफ गए." बायकोने हे ऐकलं. शर्टावरची तिची बोटं घट्ट झाली.

वेशीवर मी इंजिन बंद करायला सांगितलं, चारी दारं उघडली. ती उतरली, चपला काढल्या, शर्ट छातीशी धरून दगडापुढे उभी राहिली. भोंगे थांबले. मला वाटत होतं, आता म्हणेल, आता म्हणेल.

ती बऱ्याच वेळाने वळली. मागच्या गोदामाकडे, जिथे तिने आयुष्यभर लावणी केली होती तिकडे, टक लावून बघत राहिली. काय दिसलं, ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग दगडाकडे पाहून म्हणाली, "मी पन आल्ये. मना पन घे."

गाडीत बसल्यावर तिने शर्ट पुन्हा मांडीवर घेतला. परत जाताना वेस आली तशी म्हणाली, "बाय, थांबू नको."

आम्ही थांबलो नाही.

कल्याणच्या त्या खोलीत मग दोघं दोन खुर्च्यांवर बसायची. मुलगा सांगायचा, आईसुद्धा बोलेनाशी झाली, पण दोघं एकाच वेळी हसतात, काही कारण नसताना. तो पावसाळ्यानंतर गेला. ती त्याच्या मागोमाग.

पाहुणे अजून येतात. वेशीवरचा थांबा माझ्या यादीत आहे. सांगायचं काम आता मी करते, जमेल तसं, माझ्या शहरी मराठीत. "तिघं आलेत. संध्याकाळी जातील." सांगून झालं की मी पुढच्या सीटवर येऊन बसते आणि आरशात बघत नाही. मागे एकेक दार लागतं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घातल्यासारखं, खटक्याचा आवाजसुद्धा न होता. डाव्या बाजूला बांगड्या वाजतात. शेवटी माझंही दार हळूच लागतं.

चालक पोरगा चावीला हात लावून थांबतो. "मॅडम, दरवाजे आपने बंद किए?"

"हो," मी म्हणते. "चल."