शिडाचा दोर सोडायचा होता

मी चौथी शिकलेलो, पण पाण्यातलं मला कोणी शिकवू नये असा ताठा. धरणात शेत गेलं, बैल विकले, तेव्हापासून मी जाळंच टाकतो.

माझी नात शिडाची होडी चालवायला शिकून आली. गोव्याला तेच शिकवायची नोकरी मिळत होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "आधी आपल्या धरणात चालवून दाखव, मंग जा."

तिनं माझ्याच होडीत डोलकाठी उभी केली, ताडपत्रीचं शीड शिवलं, शिडाच्या खालच्या कडेला आडवा बांबू बांधला. सुकाणू तिच्याकडे, बांबूला बांधलेला शिडाचा दोर माझ्याकडे. वारा समोरून, म्हणून तिरपं तिरपं जायचं.

"शीड फडफडलं तर ओढा, आबा. होडी कलली तर सोडा."

"मले शिकवते काय वं? जिंदगीभर बैल हाकले मी."

"हा बैल नाही."

दोन वळणं झ्याक झाली. बांबू होडीच्या मध्याकडे ओढला की होडी वाऱ्यात नाक खुपसून निघायची. मजा आली, खोटं कशाला बोलू.

मग टेकडीवरून वाऱ्याचा झोत आला. होडी कलली.

"सोडा, आबा! दोर सोडा!"

मला ऐकू आलं होतं. पण बैल उधळला की आम्ही कासरा सोडत नाही, आवळतो. मी हाताला दोन वेढे मारून ओढला. शीड पाण्यावर आडवं झालं, दोघंही पाण्यात.

काठावरचे हसले. "म्हातारबा, कपड्यासगट आंघोळ काऊन करून राह्यले?"

काठावर थांबलेल्या माझ्या मुलानं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "पोरीनं पालथी केली. येत नाही तिले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. बांबू लागून कपाळ सुजलेलं.

"झालं," मुलगा म्हणाला. "आता गोव्याचं नाव नको."

माझ्या हातावर दोराचे वळ होते. तीन दिवस बाही खाली ओढून फिरलो. चौथ्या दिवशी जेवताना मुलाला दिसलेच.

"हे काय?"

"जाळ्याचे."

नात भाकर वाढत होती. खाली मान घालून म्हणाली, "जाळ्याचेच आहेत, बाबा."

मी घास खाली ठेवला. तिथंच, ताटावर, सगळं सांगितलं. मुलगा हात न धुता उठून गेला.

बापानं मग अडवलं नाही, ती गोव्याला गेली. निघताना पाया पडायला वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतले.