परवान्यातली रायफल आणि डुकराचं मुंडकं

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. हे एक तेवढं वेगळं राहिलं.

खालापूर तालुक्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सरकारी दवाखान्यातून फोन आला, "साहेब, डोंगरवाडीचा माणूस आणलाय. कड्यावरून पडला म्हणतात. पण मांडीतून गोळी निघाली."

रानडुकराच्या शिकारीत हाकारा घालणारा, म्हणजे आवाज करून जनावर उठवणारा ठाकूर आदिवासी. बेशुद्ध. मी गोळीची जाडी मोजली. आसपास परवान्याची रायफल एकच, शेतीसंरक्षणासाठी दिलेली, एका बड्या शेतकऱ्याची. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी परवाना पुढे केला, चहाही केला. परवान्यातला बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, गोळीपेक्षा लहान होता.

"माझ्या बंदुकीतून ही गोळी निघायची म्हणजे मांजरीला रेडकू व्हायचं, साहेब!"

मी हसलो. हसायला नको होतं.

मग संशय गेला जखमीच्या धाकट्या भावावर, कारण आमची जीप पाहताच तो पळाला होता. त्याने बेकायदा बंदूक लपवली असणार, असं मी धरून चाललो. कोर्टाने कोठडी दिली.

"बंदूक कुठाय रं?"

"माज्या हातात पत्र्याचा डबा व्हता, साहेब. वाजवत व्हतो."

"मग गोळी कोणी झाडली?"

इथे तो गप्प. दोन दिवस गप्प. त्याची बायको भाकरी घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"ते बोलायचे नाय, साहेब. काका दवाखान्याचा खर्च बघतो म्हनलाय. तुमी एवढंच इचारा, डुकराचं मुंडकं कुनाच्या घरी गेलं?"

"मुंडक्याचा काय संबंध गं?"

"अवो, ज्याच्या गोळीनं जनावर पडतं, मुंडकं त्याला. बाकीच्यांना सारखे वाटे. गोळी डुकरातून आरपार गेली आन् माज्या मोठ्या दिराला लागली."

बंदुकीबद्दल वाडी मुकी होती. वाट्यांबद्दल विचारताच म्हाताऱ्यांपासून सगळे बोलू लागले. कोणाला हाडंच आली, हेसुद्धा. मुंडकं काकांच्या चुलीवर गेलं होतं.

रायफल जप्त केली. परवान्यातल्या बोअरची नुसती गोळी नळीच्या तोंडातून सोडली. ती कुठेही न अडता घसरत आत गेली. काकांनी मग सांगून टाकलं.

"जुन्या नळीनं डुक्कर जखमी व्हायचं, पडायचं नाय. म्हनून मोठी नळी बसवून घेतली. परवानगी मागितली असती तर दिली असतीत का?"

नंबर मात्र रायफलीच्या मूळ धडावर होता आणि तो परवान्याशी जुळत होता. निवडणुकीच्या वेळी हीच रायफल आमच्या ठाण्यात जमा होती. नंबर बघून पोचपावतीवर सही मीच केली होती. नळीत कोणी डोकावलं नव्हतं. केस डायरीत मी तेही लिहिलं. वरिष्ठांना आवडलं नाही.

धाकटा सुटला. कोर्टाच्या पायरीवर मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं."

तो पायऱ्या उतरत राहिला. बायको बोलली, अगदी शांतपणे.

"काल मोठ्या दिराचा पाय कापला, साहेब. संमतीच्या कागदावर अंगठा मी दिला. हे तुमच्या कोठडीत व्हते."

त्यानंतर ठाण्यात गेलो की आधी बाकावर कोण बसलंय ते बघायचो, आणि त्याला आत बोलावूनच पुढची फाईल उघडायचो.