सुटे दगड

खाणीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. पोकलेनवर बसला की दगडाची कड अशी सरळ उतरवायचा की गवंड्यानेही तोंडात बोट घालावं. असल्या माणसाच्या नशिबी उतारवयात वाकडं काम यावं, याला काय म्हणायचं!

खाणीचा अर्धा भाग अजून चालू होता. उरलेल्या अर्ध्यात पाणी सोडून पक्ष्यांसाठी पाणथळ करायचं ठरलं आणि काठ घडवायला मुकादमाने ओळंब्यालाच धाडलं. तिथे सगळं बघायला एक बाई होत्या. बोलायला गोड, पण हट्ट एकच: काठ ओबडधोबड हवा. सुटे दगड तसेच राहू द्या, फटींत बेडूक राहतील, पक्षी अंडी घालतील.

ओळंबा मान डोलवायचा, दिवसभर काठ विस्कटायचाही. पण संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी खाणीतला जुना रिवाज हातात यायचाच. बकेट फिरवून सुटे दगड खाली पाडायचे, मगच घर गाठायचं. सकाळी बाई येऊन बघतात तो काय, काठ पुन्हा गुळगुळीत!

दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मुकादम भडकला. "अरे, लोकांचं काम बिघडतं म्हणून मी ओरडतो, तुझं सुधारतंय म्हणून ओरडायची पाळी आली! आता परत हात फिरवलास तर चावी दुसऱ्याला देईन."

घरी ओळंब्याने ताट बाजूला सारलं.

"अहो, तिथे पाणीच तर येणार," बायको म्हणाली. "खाली कोण उभं राहणार आहे?"

"मला कळत नाही का? डोक्याला कळतं गं. हाताला कोण समजावणार?"

तिने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. धाकट्या दिराला तिनेच लहानाचा मोठा केला होता. एका संध्याकाळी कुणीतरी कड साफ न करताच घाईने घरी गेलं, आणि सकाळी खाली पहिला उतरला तो तिचा दीर. तेव्हापासून ओळंब्याने वर एकही सुटा दगड ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने दातओठ खात काठ विस्कटला, मशीन बंद केलं आणि तडक चालू लागला. मशीन हातचं जाऊ नये म्हणून केलं खरं, पण त्याला स्वतःचीच चीड आली.

सकाळी बाई हरखल्याच. "काका, अगदी हवा तसा झालाय! इतकं सुंदर काम मी कुठेच पाहिलं नाही." इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. पाणी अजून सोडायचं होतं. बाई थेट खाली उतरल्या आणि दगडांकडे पाठ करून मोबाईल पुढे धरला. "या ना, तुम्हीही फोटोत या."

ओळंब्याची नजर त्यांच्या डोक्यावरच्या सुट्या दगडांवर गेली. "बाजूला व्हा!" तो असा ओरडला की मुकादम धावत आला.

"अहो काका, काही होत नाही," बाई हसत म्हणाल्या.

त्या वर येईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग मशीनवर चढला, मुकादमाच्या डोळ्यांदेखत सगळा काठ साफ केला, उतरला आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

"द्या दुसऱ्याला," तो म्हणाला. "फक्त त्याला सांगा, खाली कुणाला उभं राहू देऊ नकोस."