किसनच्या करारातलं सातवं कलम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मडगावला एका नोटरीकडं कारकुनी करून मी आष्टीला परत आल्तो. मडगावचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये. नोटरीसाहेब शिकवायचे — ‘बोआ फे’ म्हणजे साफ मनानं केलेला करार, ‘मा फे’ म्हणजे मनात काळं ठेवून केलेला. गावात कुणाचाही सरकारी कागद आला, की वाचायला माझ्या ओट्यावर यायचा. मला ते आवडायचं.

मंग बियाणं कंपनीची जीप आली — माझ्या नाही, किसनच्या दारात. किसन माझा बालमित्र, चौथी नापास. संकरित कपाशीच्या बियाण्यासाठी त्यांनी त्याचं विहिरीचं रान निवडलं. पारावर लोक त्याला सरकून जागा द्यायला लागले. माझी बायको म्हणाली, "किसनभावजींनी नशीब काढलं!" मित्राच्या सुखानं तुमच्या पोटात कधी दुखलंय? माझ्या दुखलं.

इंग्रजी करार घेऊन तो माझ्याकडंच आला. सातवं कलम — कंपनी कारण न सांगता सगळं बी नाकारू शकते, आणि नाकारलेलं बी किसननं दुसऱ्या कुणाला विकायचं नाही. मी ते दोनदा वाचलं.

"बराबर हाय ना, भाऊ?"

"बिलकुल बराबर. कर सही."

त्याची बायको सरूबाई हंगामभर संध्याकाळी कळ्या सोलून आतले पुंकेसर काढायची, सकाळी एकेका फुलाला हातानं पराग लावायची. मी बांधावरून बघायचो. तेव्हा तरी बोललो असतो, तर किसन वकिलाकडं गेला असता. मी काय केलं? रामराम घालून पुढं गेलो.

त्या साली कंपनीकडं बी जास्त झालं. किसनचं नाकारलं, आणि त्याच्यापुढं सातवं कलम ठेवलं. सरकी पोत्यांतच किडली.

तो माझ्याकडं आला — भांडायला नाही. म्हणाला, "मनाला लावून घिऊ नको, भाऊ. अक्षरच लई बारीक व्हतं. तुझ्याबी नजरंतून सुटलं."

"हो," मी म्हणालो, "बारीकच होतं."

बारीक नव्हतं. बाकीच्या कलमांएवढंच होतं.

किसननं कर्जापायी रान विकलं आणि जालन्याला मस्तगड भागात एका दुकानी पोती उचलायला गेला. सामानाची गाडी निघाली तेव्हा सरूबाई पदर तोंडाशी धरून बसलेली. मी वेशीपर्यंत पोचवायला गेल्तो. आणि घरी येऊन — कित्येक महिन्यांनी — मी पोटभर जेवलो.