अनवाणी उपासकाळ

“न्युरोपॅथी,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होतात, चटका बसला तरी कळत नाही. आमच्या ह्यांच्या डाव्या तळव्याला जखम होती, आत पू. “पाय वाचेल असं आज तरी सांगत नाही.”

मला रडू नाही आलं, राग आला.

झालं असं. गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. उपासकाळाआधी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासांआधी, आमच्या चर्चमध्ये बाहेरच्या फादरांचं प्रवचन झालं. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं फक्त मठातल्या सिस्टरांची नाहीत, संसारी माणसालाही जगता येतात, म्हणाले. झालं! ह्यांनी घरी येऊन चपला कुणाला तरी देऊन टाकल्या आणि गादी ओटीवर नेली. राहिलं आज्ञापालन. ते देवाचं! साखरेच्या गोळ्याही बंद. त्यांचं नाव काढलं की, “देव बघून घेईल.”

गुड फ्रायडेला क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेची आठवण करत निघणारी मिरवणूक, तापलेल्या कातळावरून. बाकीचे अनवाणी लोक चटक्याने पाय उचलत होते, हे आपले संथ. “कृपा आहे,” म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

ती कृपा ही अशी निघाली.

मग रोज रक्त तपासायचं. डॉपलर, म्हणजे पायात रक्त पोचतंय का ते बघायचं. डिब्राइडमेंट, म्हणजे सडलेलं मांस काढायचं.  घर, डबा, वॉर्ड करून मी पार पिचून गेले.

आमचे फादर भेटायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर सगळं भडाभडा बोलले. ते ह्यांना म्हणाले, “संसारातलं ब्रह्मचर्य म्हणजे बायकोशी एकनिष्ठ राहणं, गादी बाहेर नेणं नव्हे. आणि आज्ञाच पाळायची तर आधी डॉक्टरांची पाळा.” त्या रात्री ह्यांनी गोळी स्वतःहून मागून घेतली.

अंगठा गेला. पाय राहिला. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुमच्या घरात कुणाला साखर असेल तर रोज तळवे बघा. आपले आपल्याला नीट दिसत नाहीत, दुसऱ्याला दाखवा. चपला घरातही घाला.

गादी तेव्हाच आत आली. मी आजही दमलेलीच असते. पण संध्याकाळची प्रार्थना झाली की हे चपला काढतात आणि पाय माझ्या मांडीवर ठेवतात. पहिल्यांदा फार ओशाळले होते. आता मी “ठीक आहे” म्हणेपर्यंत उठत नाहीत.