नोटगेल्डची लूट

लखनऊच्या महानगर वसाहतीतली ती चोरी आठवली की आधी हसू येतं, आणि मागोमाग बुआजींचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन ते विरून जातं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वडील रेल्वेत इंजिनियर, म्हणून लखनऊत वाढलो आणि उत्तर प्रदेश पोलिसांत लागलो. निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची ही गोष्ट. रजेवरून ठाण्यात हजर झालो, तर बाहेरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई शाल गुंडाळून बसलेली. नव्या दरोगाने, म्हणजे फौजदाराने, उत्साहाने सांगितलं, "सर, जर्मनी के सोने के सिक्के चोरी हुए हैं. घर की बुआ पर शक है, मगर बड़ी पक्की है. कुछ उगलती ही नहीं."

तक्रारदार आमच्याच मराठी मंडळातले, एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काकू गेल्यापासून घर बाकावरच्या त्या बाईंच्या, म्हणजे बुआजींच्या हाती होतं; लखनऊत घरकाम करणाऱ्या बाईला आदराने बुआ म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सूनबाई नातवाला घेऊन येऊन गेल्या. पट्टी निघाल्यावर कपाट उघडलं, तर त्यांच्या संग्रहातल्या जुन्या जर्मन नाण्यांचा डबा रिकामा. पट्टी असताना किल्ल्या बुआजींकडेच होत्या, त्यामुळे संशय दुसऱ्या कुणावर जाणार? जवळचं अजून नीट दिसत नव्हतं म्हणून काकांनी तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, तोंडी सांगितली आणि मुंशीने लिहून घेतली.

सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून बुआजींना रोज सकाळी बोलावत आणि संध्याकाळी सोडत. एवढंच पुरे झालं. वसाहतीतल्या ज्या आणखी चार घरी त्या काम करत, त्या चारही घरांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

मी त्यांना आत बोलावून चहा मागवला. "साहब, कितनी बार कहें? उस घर में हमने सोना देखा ही नहीं," त्या म्हणाल्या आणि कप बाजूला सारला. काकूंना त्या दीदी म्हणत. "दीदी के गहने बैंक में रहते हैं. कहिए तो गंगाजल उठा लें." त्या चिडून बोलत होत्या, मधेच रडत होत्या, पुन्हा चिडत होत्या. खोटं बोलणारा माणूस शब्द जपून वापरतो आणि साहेबाचा चहा मुकाट्याने पितो. या बाई खरं बोलतायत, असं मला वाटू लागलं. पण वाटण्यावर केस बंद होत नाही.

सराफांकडे चौकशी चालू होती, तिथे काही लागलं नाही. खबर आली ती भलतीकडून. वसाहतीला लागून असलेल्या कपूरथला बाजाराजवळ इस्त्रीचं टेबल लावणारा आमचा एक खबरी होता. तो म्हणाला, "सोने का तो पता नहीं साहब, पर गली की बच्चियाँ एक अजीब सिक्के से इक्कड़-दुक्कड़ खेल रही हैं." मुलींनी लंगडीच्या त्या खेळात ठिकरी म्हणून वापरलेलं नाणं त्याने मागून आणून माझ्या हातावर ठेवलं. काळपट, अष्टकोनी, वर परदेशी अक्षरं. वजनाला अगदीच मामुली.

ते घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि उभेच राहिले. "अहो, हेच! हेच माझं नोटगेल्ड!"

"काका, हे तर लोखंड आहे."

"मग काय सोन्याचं असणार? पहिल्या महायुद्धात तांबं, निकेल सगळं तोफांच्या कारखान्यात गेलं. बाजारात सुट्टे पैसे उरले नाहीत. मग जर्मनीतल्या गावागावांनी आपापली नाणी पाडली. लोखंडाची, जस्ताची, चक्क चिनी मातीचीसुद्धा. नोट म्हणजे जर्मनमध्ये अडचण, आणि गेल्ड म्हणजे पैसा. अडीअडचणीचा पैसा हो!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठाण्यात येऊन तहरीर पाहिली. मुंशीने लिहिलं होतं, 'जर्मन नोट व गोल्ड के सिक्के.' आणि तेव्हापासून सगळं ठाणं त्या बिचारीला सोनं कुठे आहे म्हणून विचारत होतं!

मी नाणं बुआजींपुढे ठेवलं. "ये पहचानती हैं?"

"ये?" त्या चकित झाल्या. "ये तो हम लोगों ने लुटवाए थे साहब. बहूजी ने डिब्बा दिया था."

दरोगा खुर्चीतून उठलाच. "लूट क़बूल कर ली! कितने लोग थे?"

"सात-आठ रहे होंगे. सब घर के अंदर ही थे."

पाच किंवा अधिक जणांनी मिळून लूट केली की कायद्यात तिचा दरोडा होतो. दरोगाचे डोळे चमकले. मी मात्र मराठी आईच्या हाताखाली वाढलो होतो. आमच्याकडे संक्रांतीला बायका वाण लुटतात, आणि त्या लुटीत कुणाचं काही जात नाही. मी विचारलं, "बुआजी, छोटे बाबू का बोरनहाण था क्या?"

"वही तो! काला झबला, हलवे के गहने. दीदी सब बच्चों का करती थीं, हमें सब याद था. बेर, मुरमुरे, रेवड़ी, सब बाबू के सिर पर डाला, बच्चों ने लूट लिया. बहूजी बोलीं सिक्के भी चाहिए, मगर घर में रेज़गारी हो तब न. अब सब मोबाइल से देते हैं."

सूनबाई नातवाला घेऊन बंगळुरूला परतल्या होत्या. त्यांना फोन लावला. "अय्या! मला वाटलं बाद झालेली जुनी नाणी आहेत. बाबा तर शेजारच्या खोलीत पट्टी बांधून बसले होते. मुलांचा गोंधळ ऐकून हसत होते!" काळजी नको म्हणून काकांनी चोरीचं मुलाला आणि सुनेला कळवलंच नव्हतं.

वसाहतीतल्या मुलांनी बहुतेक नाणी आणून दिली. चिनी मातीचं एक तेवढं फुटलं. मी न्यायालयात पाठवायचा अंतिम अहवाल तयार केला. माझ्या लेखी काम संपलं होतं.

काका ठाण्यात आले आणि बुआजींपुढे हात जोडून उभे राहिले. "मुझसे बड़ी भूल हुई. घर चलिए."

"चलेंगे," बुआजी म्हणाल्या, "मगर पहले उन चारों घरों में चलिए. चोरनी हम वहाँ कहलाए हैं, यहाँ नहीं."

 मग मीच टोपी उचलली. भर दुपारी आम्ही निघालो, पुढे बुआजी, मागे काका, आणि शेजारी गणवेशात मी. चारही दारांत काकांनी त्याच शब्दांत सांगितलं, "इन्होंने कुछ नहीं चुराया. ग़लती मेरी थी." शेवटच्या घरच्या बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "कल से आ जाइए." बुआजी म्हणाल्या, "सोचेंगे." जिना उतरताना मात्र त्यांनी कठडा धरला आणि पदरात तोंड घालून रडल्या. काका दोन पायऱ्या खाली थांबून राहिले, त्यांचेही डोळे वाहत होते, आणि ते ऑपरेशनमुळे नव्हे.

माझ्या आईचे उपकार मी त्या दिवशी मनोमन मानले. तिने लखनऊत मराठी सण जपले नसते, तर मीही त्या दरोगासारखा लूट या शब्दावर टुणकन उठलो असतो. पण त्याहून मोठं देणं बुआजींचं आहे. नाव अहवालाने परत मिळत नाही, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर जितके महिने नोकरी उरली, त्यात कुणी निर्दोष ठरला की मी गणवेश घालून, दिवसाउजेडी, त्याच्या गल्लीत जात असे आणि सगळ्यांना दिसेल असा त्याच्या दारात बसून चहा पीत असे.